नऊ नंबरचा शर्ट

भाद्रपदात आमच्या घरात कपडे वाळत नाहीत. आषाढातही वाळत नाहीत, पण तेव्हा माणूस ते धरूनच चालतो. भाद्रपदात सकाळी ऊन पडतं, बाई फसते, दोरी भरून कपडे बाहेर टाकते, आणि दुपारी कात्रपच्या इमारतींमागून काळं येतं ते थेट दोरीवर. मग घरभर खुर्च्यांवर, दारांवर, पंख्याखाली कपडे. अर्ध्या ओल्या सुती कपड्याला एक वास असतो. सुनेला तो सहन होत नाही, ती शेवटच्या पाण्यात कसलंसं सुगंधी टाकते. मला तो वास आला की अंबरनाथची आमची दहा बाय बाराची खोली आठवते आणि दोरीवरचे अकरा पांढरे शर्ट आठवतात. ही आठवण चांगली आहे असं मी म्हणत नाही.

यंदा नेमक्या ह्याच दिवसांत माझी नात सायली पॉडकास्ट करायला बसली. पॉडकास्ट म्हणजे रेडिओच, फक्त ज्याला हवा त्याने हवा तेव्हा ऐकायचा. ती उल्हासनगरला कॉलेजात जाते, तिथे तिला हे काम दिलेलं. विषय तिने स्वतः निवडला, आपल्या भागातल्या फुटबॉलचा इतिहास.

"आपल्याकडे फुटबॉलला इतिहास आहे हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"बाबांनी. आजोबांचा गोल नाही का?"

आजोबांचा गोल आमच्या घरात देव्हाऱ्यासारखा आहे. माझा मुलगा विजय तो गोल लहानपणापासून सांगतो. त्याच्या बापाने पावसात, चिखलात, शेवटच्या पाच मिनिटांत गोल मारला, कप अंबरनाथला आला, आणि साहेबांनी बापाला कारखान्यात कायम केलं. त्या नोकरीवर खोली झाली, विजयचं शिक्षण झालं, पुढे हा फ्लॅट झाला. माझा नवरा सदाशिव, सगळे त्याला सदा म्हणत, जाऊन सहा वर्षं झाली. गोल अजून आहे.

घरात आवाज फार. शेजारचा कुकर, खाली गणपतीच्या मंडपाची ठोकाठोकी, खिडकीच्या पत्र्यावर पाणी. म्हणून भर दुपारी आम्ही दोघी पलंगावर बसायचो आणि डोक्यावरून गोधडी घ्यायचो. आत अंधार, मधे मोबाइल, आणि माझ्या तोंडासमोर स्पंजाची टोपी घातलेला बोटाएवढा माइक. सून एकदा खोलीत आली आणि म्हणाली, "आई, तुम्हाला वाफ देतेय का ही?"

"बोल आजी," सायली म्हणायची. "खोकला आला तरी थांबू नकोस. मी नंतर काढून टाकते."

"खोकला काढता येतो?"

"सगळं काढता येतं."

हे मला तेव्हा मजेचं वाटलं होतं.

मी आयुष्यात एकही मॅच मैदानावर जाऊन पाहिलेली नाही. तेव्हा बायका जात नसत, आणि कोणी नेलं असतं तरी मला वेळ नव्हता. मला फुटबॉल माहीत आहे तो शर्टांवरून. टीमचे कपडे धुवायचं काम एका वर्षी एका घरी असायचं. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ते आमच्याकडे आलं. रविवारी संध्याकाळी नवरा मोरीत बोचकं टाकायचा, आणि मी ते सोडायला लागले की मला मॅच कळायची. गोलकीपरच्या शर्टाचं कोपर फाटून आलं की समोरच्यांनी जोर केला होता. पाठीला चिखल असेल तर माणसाला पाडलं, छातीला असेल तर तो स्वतः पडला. एक जण कॉलर चावायचा. त्याची कॉलर धड आली की समजायचं, मॅच सोपी गेली.

"आजी, हे सोनं आहे," सायली गोधडीत कुजबुजली.

"सोनं कसलं, चिखल आहे. तीन पाण्यांनी निघत नव्हता."

पण ती हसली म्हणून मलाही चढलं आणि मी बोलत गेले. त्या वर्षी स्पर्धेवाल्यांनी नवीन नियम काढला की प्रत्येकाच्या पाठीवर नंबर हवा. कारखान्याने साधे पांढरे शर्ट दिलेले. नंबर मी लाल कापडाचे कापले, टीमच्या कारकुनाने कागदावर काढून दिलेल्या आकड्यांवरून. ते लाल कापड साबणाच्या पाण्यात रंग सोडायचं. शर्टाला शिवून टाकलं तर पहिल्याच धुण्यात अख्खा शर्ट गुलाबी. म्हणून नंबर कच्च्या टाक्यांनी लावायचे. दर रविवारी मॅच झाली की सोमवारी टाके उसवायचे, नंबर वेगळे, शर्ट वेगळे धुवायचे, शेगडीवर दोरी बांधून वाळवायचे, इस्त्री करायची आणि शनिवारी नंबर परत लावायचे. पावसाळाभर हेच.

आता कोणता नंबर कोणत्या शर्टाला, हे मी कसं ओळखायचे? डागांवरून. प्रत्येक शर्टाला एक डाग होता जो निघता निघत नव्हता. टीममध्ये दोघे जण उंच होते, माझा नवरा आणि त्याचा दोस्त पांडुरंग, कुळगावचा आगरी. दोघांचे शर्ट एका मापाचे. नवऱ्याच्या शर्टाला खिशाशी गंजाचा डाग, त्याला नऊ. पांडूच्या शर्टाला खाली जांभळाचा डाग, त्याला अकरा. नवऱ्याचा शर्ट मी त्याच्या पिशवीत वेगळा घालायचे, बाकीचे दहा बोचक्यात. घालताना नंबर कोणी बघत नसे. ज्याला जो मापाचा, तो शर्ट तो उचलायचा. आपल्या पाठीवर काय लिहिलंय ते घालणाऱ्याला कुठे दिसतं.

इथपर्यंत सांगून मी थांबले. सायलीला वाटलं मी दमले. तिने गोधडी काढली.

दुसऱ्या दिवशी तिने मला पांडूचं रेकॉर्डिंग ऐकवलं. ती कुळगावला जाऊन आली होती. कानात तिने मोबाइलची ती बोंडं घातली आणि पांडू एकदम माझ्या डोक्यातच बोलायला लागला. म्हातारपणाने आवाज घोगरा झालाय, पण बोलणं तेच.

तो सांगत होता की तेव्हा दोघेही कारखान्यात बदली होते. खेळणाऱ्याला कारखान्यात घ्यायचे, पण बदली म्हणून. काही महिने काम, मग ब्रेक, मग परत बोलावणं आलं तर आलं. सीझन चांगला गेला तर साहेब एखाद्याला कायम करायचे. तेव्हा फुटबॉल म्हणजे नुसता खेळ नव्हता, नोकरीचा अर्ज होता. त्या वर्षी जागा एकच होती.

सायलीने त्याला विचारलेलं ऐकू आलं, "आणि फायनलचा गोल? आजोबांचा?"

 तो म्हणाला, "पानी भरला व्हता मैदानात. गोलाच्या तोंडाशी आमी दोघांनी एकदमच पाय घातला. मना वाटला माझाच पाय लागला. पन नंबर लिवनाऱ्या मानसानं नऊ लिवला. नऊ म्हंजे सदा. चिखलात काय समाजतं पोरी. सदाचाच आसंल."

मी कानातून बोंडं काढली. ओट्यावर भात शिजत होता, तो करपायला लागला होता. मला वास आला पण उठवेना.

आता मला जे माहीत आहे ते सांगते. हे जिवंत माणसांत मला एकटीलाच माहीत होतं.

फायनलला मोठे साहेब येणार होते. शर्ट पांढरेशुभ्र पाहिजेत म्हणून नवऱ्याने कारखान्यातून ब्लीचिंग पावडर आणली. मी ती घमेल्यात कालवून शर्ट रात्रभर भिजत ठेवले. सकाळी शर्ट बगळ्यासारखे झाले. गंज गेला, जांभूळ गेलं, सगळं गेलं. मी खूष झाले, आणि टाके घालायला बसले तेव्हा लक्षात आलं की दोन मोठे शर्ट आता सारखेच आहेत. म्हटलं, काय बिघडलं, माप एकच आहे. एकाला नऊ लावला, एकाला अकरा. मग नंबर आत करून घड्या घातल्या, आणि नवऱ्याच्या पिशवीत एक मोठा शर्ट टाकला. कोणता टाकला ते पाहिलं नाही. पाहायची सवयच नव्हती, मी इतके दिवस डाग पाहत होते.

मॅच विठ्ठलवाडीजवळच्या मैदानावर झाली, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या टीमबरोबर. आम्ही एका गोलाने जिंकलो. संध्याकाळी नवरा आणि पांडू एकाच सायकलवर घरी आले. पांडूची डावी भुवई फुटली होती, पहिल्या अर्ध्यातच कोणाचं तरी डोकं लागलं होतं. मी हळद दाबली. दोघं जेवले, खूप हसले. गोल कोणाचा यावरून एकमेकांना चिडवत होते. पण कागदावर नऊ नंबर लागला होता, आणि साहेबांनी सांगून ठेवलं होतं की नऊ नंबरला उद्या माझ्याकडे पाठवा. पांडू म्हणाला, "जा सदा, तुझाच हाय."

सोमवारी सकाळी मी बोचकं सोडलं. नऊ नंबरचा शर्ट वर आला. त्याच्या डाव्या खांद्यापासून छातीपर्यंत रक्त होतं. माझ्या नवऱ्याला कुठे खरचटलंही नव्हतं. अकरा नंबरच्या शर्टाला नुसता चिखल.

मी हुशार नाही, पण एवढं मला कळलं. तो शर्ट घेऊन मी बाहेर आले. नवरा आरशासमोर भांग पाडत होता, साहेबांकडे जायचं म्हणून इस्त्रीचे कपडे घालून. मी म्हटलं, "शर्ट बदलले गेले. नऊ नंबर पांडूभाऊजींच्या अंगात होता. हे त्यांचं रक्त आहे."

त्याने आरशातूनच शर्टाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "धू."

एवढंच. आणि गेला.

मी धुतला. थंड पाण्यात, मीठ घालून, कारण रक्ताला गरम पाणी लावलं तर ते कपड्यात बसतं. पोटात विजय होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पोटात कोणी नसतं तरी मी धुतला असता. मला नवरा कायम व्हायला हवा होता.

तो कायम झाला. पांडूला दिवाळीनंतर ब्रेक मिळाला आणि परत बोलावणं आलं नाही. तो कुळगावला शेतावर गेला. कारखान्याच्या टीममध्ये कारखान्याचीच माणसं खेळायची, त्यामुळे खेळही गेला. दोस्ती राहिली. माझा नवरा दर दसऱ्याला सोनं द्यायला कुळगावला जायचा, एकही दसरा चुकवला नाही. तो गोलाची गोष्ट स्वतः कधी सांगत नसे. कोणी काढली की पाणी प्यायला उठायचा. यावरून काही जण म्हणतील, बघा, मनाला खात होतं. खात असेल. खाऊन त्याने काही केलं नाही, आणि मीही नाही. त्यानंतर आम्ही दोघं नवराबायको त्या विषयावर एक शब्द बोललो नाही.

सायलीचं पॉडकास्ट पुढे चाललंच होतं. तिने उल्हासनगरमध्ये एक जुना सिंधी गोलकीपर शोधून काढला, किशनभाई. फायनलला समोरच्या गोलात तोच होता. पुढे त्याने कापडाचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. तिने त्याचं बोलणं मला मोठ्या कौतुकाने ऐकवलं, कारण तो बोलतो मजेदार.

"अरे बेटा, हारलो ना, म्हणून याद आहे. जिंकणारा भूल जातो. दोन लंबू एकदम आले. एकाचा पाय बॉलला लागला, दुसऱ्याचा माझ्या पोटाला. पोट आजपण दुखते बारिशमध्ये." तिथे दोघं हसले. "गोल मारला तो नऊ नंबर. मी खाली पडलेला, तो वळून पळाला तर पाठ समोरच. भुवईमधून खून येत होता साईं, माझ्या हातावर पडला. मी समजलो माझाच आहे, घाबरून गेलो."

ते बंद करून सायली माझ्याकडे वळली. "आजी, आजोबांची भुवई फुटली होती का?"

आम्ही गोधडीतच होतो आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू होतं. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता तो लाल ठिपका दिसत होता. वण पांडूच्या भुवईवर आहे, आणि ती त्याच्या समोर तासभर बसून आली होती.

मी गप्प राहिले. मग म्हटलं, "चिखल असेल. म्हातारा झालाय तो, काहीही आठवतं त्याला."

संध्याकाळी ती कॉम्प्युटरवर बसली होती. आमचे आवाज पडद्यावर डोंगरांसारखे दिसतात. मधे एक सपाट जागा होती. ती म्हणाली, "इथे तू केवढी गप्प आहेस बघ. ऐकणाऱ्याला वाटेल बंद पडलं. कापते." तिने दोन्हीकडचे डोंगर ओढून चिकटवले आणि मला ऐकवलं. आता तिचा प्रश्न संपतो न संपतो तोच माझं उत्तर येत होतं. चिखल असेल. ठणठणीत, एखाद्या साक्षीदारासारखं.

मी खोटं बोलले होते हे मला माहीत होतं. पण गप्प राहून मग बोलले होते, त्यात थोडी लाज तरी होती. तेवढीही काढून टाकल्यावर जे उरलं ते निव्वळ खोटं होतं. आणि मला वाटलं, कागदावर नऊ लिहिलं गेलं तेव्हाही असंच झालं असणार. सगळा चिखल, पाणी, दोन पाय, शंका, सगळं काढून टाकून एक आकडा.

जेवताना मी विजयला सगळं सांगितलं. सायलीही होती, सूनही होती. मला आडून बोलता येत नाही. विजयने घास खाली ठेवला.

"आई, हे तू आता सांगतेस?"

"आता विचारलं कोणीतरी."

"कोणाला काय फायदा आहे? पांडूकाकांचं काय नुकसान झालं? आपला कारखाना बंद पडला, त्यांच्या शेतावर टॉवर उभे आहेत. दारात दोन गाड्या आहेत. आणि आपण काय, ह्या पाचशे फुटांत. बाबांच्या नावावर एक गोल आहे, तोही काढून घ्यायचा?"

मीही इतकी वर्षं हेच स्वतःला सांगत आले होते. टॉवर उभे राहिले तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. वाटलं, फिटलं.

"मग माझा अख्खा एपिसोड चुकलाय," सायली हळूच म्हणाली.

"तुझा एपिसोड गेला खड्ड्यात," विजय म्हणाला. तो तिच्यावर कधी ओरडत नाही.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा करून कुळगावला गेले. एकटीच. रिक्षात मी एका प्रश्नाची तयारी करत होते. पांडू विचारणार, सदाला माहीत होतं का. मी ठरवलं होतं, नाही म्हणायचं. शर्ट मी बदलले, मी धुतला, मी लपवलं, सगळं माझ्यावर. मेलेल्या माणसाला तेवढं देता येतं असं मला वाटलं.

टॉवरांच्या मधे त्याने आपलं जुनं कौलारू घर ठेवलंय. पडवीत बसून तो भिजवलेले वाल सोलत होता. नवीन घर मुलांचं, वरच्या मजल्यावर. त्याला तिथे करमत नाही.

"काय गो वयनी, पावसात आयलीस? फुटबॉलवर त मी सगला सांगला तुझ्या नातीला."

"सगळं नाही, भाऊजी. एक तुम्हाला माहीत नव्हतं."

मी समोर बसले, एक वाटी ओढली आणि वाल सोलायला लागले, कारण हाताला काही असलं की बोलता येतं. ब्लीचिंग पावडरपासून सुरुवात केली आणि रक्तापर्यंत आले.  तो सालं काढत राहिला. मी संपवलं तेव्हा त्याचे हात थांबले होते.

"नऊ माझ्या अंगात व्हता."

"हो."

"म्हंजे लिवनाऱ्यानं मनाच लिवला व्हता."

"तुम्हालाच."

त्याने आपला उजवा पाय पुढे केला. सुजलेला, नखं काळी पडलेली, म्हाताऱ्या माणसाचा पाय. त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "नोकरीचा सोर. शेती व्हती, उपाशी नाय मेलू. पन बॉल लागला तो मना ह्या पायात कलला व्हता. आन मी पन्नास वर्सां ह्याला खोटा म्हनत आलू."

मला वाटलं होतं तो रागावेल, किंवा जाऊ दे म्हणेल. ह्याची मी तयारी केली नव्हती. मी त्याची नोकरी घेतली असं मला वाटत होतं. टॉवर बघून फिटलं म्हणाले ती नोकरी. मी घेतलं होतं ते वेगळंच होतं.

मग त्याने विचारलं. "सदाला ठाव व्हता?"

मी तोंड उघडलं आणि गप्प झाले. त्या गप्प राहण्यातच उत्तर गेलं, इथे ते कापून काढायला कोणी नव्हतं. तरी मी म्हटलं, "होतं. मीच सांगितलं होतं. साहेबांकडे जायच्या आधी."

"आधी."

"हो. आधी."

"दर दसऱ्याला ह्या पडवीत बसून जेवून जात व्हता तो."

"माहीत आहे."

"मेला तवा खांदा दिला मी."

"माहीत आहे, भाऊजी."

त्याने माझ्यासमोरची वाटी उचलली, मी सोललेले वाल आपल्या परातीत ओतले, परात घेऊन उठला आणि आत गेला. आतून त्याच्या सुनेने चहा आणला. म्हणाली, "बाबा पडलेत जरा." मी चहा प्यायले आणि निघाले. पाऊस थांबला होता, रिक्षा लगेच मिळाली.

नंतरचे आठ दिवस घरात मोकळं बोलणं नव्हतं. विजय मला लागेल तेवढंच विचारायचा. औषध घेतलं का, वगैरे. मी सायलीला म्हटलं, चल, गोधडी काढ, आणि सगळं मोबाइलमध्ये सांगितलं, नवरा धू म्हणाला तिथपर्यंत. तिला सांगितलं, ह्यात काही कापायचं नाही, खोकलाही नाही. ती म्हणाली, "आजी, खोकला खूप आहे." मी म्हटलं, राहू दे.

मग पांडूचा तिला फोन आला की मना परत बोलायचाय. ती गेली आणि संध्याकाळी आली. माझ्या कानात बोंडं घातली.

तो पहिल्यापासून बोलत होता, कोणी न विचारता. चेंडू पाणी पिऊन कसा जड झाला होता. भुवईतलं रक्त डोळ्यात जाऊन एका डोळ्याने कसं दिसत नव्हतं. चेंडू डावीकडून आला, पाण्यात अडकला, थांबला, आणि त्याने उजव्या पायाच्या आतल्या बाजूने तो कसा उचलला. "आसा ढकलला नाय. उचलला." हे त्याने तीनदा सांगितलं. पायाला कुठे लागला, किती लागला, गोलकीपरच्या कोणत्या हाताखालून गेला. गावातल्या माणसाने भाताच्या एकेका पेंढीबद्दल बोलावं तसं. एवढं सगळं पन्नास वर्षं त्याच्या आत होतं आणि ते आपलं आहे की नाही हे त्याला माहीत नव्हतं.

त्यात माझ्या नवऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. दोन लंबू नव्हते, दुसरा पाय नव्हता. तो एकटाच धावत होता.

"शेवटी ते मला काहीतरी म्हणाले," सायली म्हणाली. "रेकॉर्डिंग बंद केल्यावर."

"काय?"

"मागच्या वेळी आजोबांबद्दल जे बोलले ते सगळं काढून टाक म्हणाले. ते मी वापरायचं नाही."

"मग काढ."

"आजी, पण ते किती छान बोललेत. तू ते ऐकलंच नाहीस, तू मधेच बंद केलंस."

मग ऐकलं. गोलाच्या पुढचा भाग होता. मॅच संपल्यावर सदाने त्याला सायकलच्या दांडीवर बसवून विठ्ठलवाडीहून अंबरनाथला कसा आणला, एका हाताने हँडल, एका हाताने पांडूच्या भुवईवर आपला रुमाल दाबून. वाटेत खड्ड्यात दोघे पडले. सदा म्हणाला, माझी टांग मोडली तरी चालेल, तुझं डोकं सांभाळ, घरी ही मला ओरडेल. पांडू हसत होता सांगताना, खोकत होता, परत हसत होता. "आसा दोस्त मना परत मिलाला नाय," तो म्हणाला.

नवऱ्याचं हे मला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी हळद दाबली, रुमाल कोणाचा ते पाहिलं नव्हतं.

"काढू?" सायलीने विचारलं. 

"त्यांचं बोलणं आहे. त्यांनी परत मागितलंय."

"एक कॉपी ठेवते आपल्यापुरती. कोणाला नाही ऐकवणार. बाबांनाही बरं वाटेल."

मी नको म्हटलं. ती कुरकुरली, मग तिने काढून टाकलं. माझ्यासमोर काढायला लावलं मी. ठेवली असती तर मी रोज ऐकत बसले असते.